ट्रस्कटांचे निशाण

रोलंडच्या पोटावर बंडीची बटणे काही केल्या लागेनात. डेलियाने शेवटी पाठीमागची शिवण उसवली आणि मधे कापडाची एक पट्टी टाचली.

"श्वास घेऊ नकोस," तोंडातल्या टाचण्या सांभाळत ती म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"मिरवणूक संपेपर्यंत. मग घे पाहिजे तेवढा."

रोलंड तिचा धाकटा भाऊ. फ्लोरिडाहून वर्षातून एकदा उगवायचा, तिकोनी टोपी घालून फोटो काढायचा आणि मूळपुरुषाची टिंगल करायचा. मूळपुरुष ओबाडाया ट्रस्कट नावेतून उतरला, नदीकाठची जागा घेतली आणि पुढे डुकरे मोकाट सोडली म्हणून दंड भरून बसला. त्याच्या आधी त्या काठावर मासे पकडणाऱ्या लोकांचे निशाण मिरवणुकीत नव्हते; असायला हवे होते, असे डेलियाला अलीकडे वाटे. पण नवे निशाण शिवायची ताकद आता तिच्यात नव्हती. आहे तेच पेलवत नव्हते.

मार्शफेरी गावाची रीत अशी, की दर वर्षीची मिरवणूक चर्चसमोरच्या हिरवळीवर आली की गावच्या चिटणीसबाई गाव वसवणाऱ्या घराण्यांची नावे एकेक करून पुकारणार. घरातल्या कुणीतरी 'हजर' म्हणायचे. जो म्हणेल त्याच्याकडे वर्षभर घराण्याचे निशाण. त्याला ऊन द्यायचे, कसर लागू द्यायची नाही, सगळ्यांचे जुने पोशाख धुऊन-इस्त्री करून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी भावंडा-पुतण्यांना फोन करकरून गोळा करायचे. कुणीच बोलले नाही, तर ढोलावर एकच ठोका पडतो, निशाण गुंडाळून चर्चच्या पेटीत जाते आणि ते नाव पुन्हा कधी पुकारले जात नाही. गेल्या वर्षी असेच एक घराणे संपले. मंडळी हजर होती, पण सगळी सरबताच्या रांगेत.

आई गेल्यापासून डेलियाच 'हजर' म्हणत आली होती. यंदा वसंतातच तिने सगळ्यांना फोनवर सांगून टाकले होते, की आता मी म्हणणार नाही. ज्याला नाव हवे त्याने तोंड उघडावे.

"ताई, तू दर वर्षी असंच म्हणतेस," रोलंड आता म्हणाला.

"दर वर्षी मनात म्हणते. या वर्षी मोठ्याने म्हटलंय."

"माझं घर म्हणजे काडेपेटी. तो बांबू ठेवू कुठे?" मग तो डेलियाच्या मुलाकडे वळला. "कर्टिस, तू रे?"

कर्टिस डेन्व्हरहून आला होता. त्याने मोबाइलवरून मान वर केली. "मामा, मी महिन्यातले वीस दिवस विमानात असतो."

"बघ," रोलंड डेलियाला म्हणाला, जणू निकाल लागला.

मारिसेल तेवढ्यात डबा घेऊन आली. ती कर्टिसची बायको होती. काडीमोड झाल्यावर तो गाव सोडून गेला आणि ती इथल्याच इस्पितळात नोकरी करत राहिली. मनिलाची मुलगी. लग्न होते तोवर डेलियाला आई म्हणायची. नंतर तिने ते आपणहून, कुणी न सांगता, थांबवले.

"डेलियाबाई, दोन घास शेवया खाऊन घ्या. मागच्या वर्षी तुम्हाला भोवळ आली होती."

"नंतर खाते गं."

"नंतर म्हणजे उद्या. मला माहितीये ना."

डेलियाने उभ्या उभ्या चार घास खाल्ले. कर्टिसने मारिसेलला मान हलवून ओळख दाखवली. तिनेही दाखवली.

मिरवणूक निघाली. जूनचे ऊन आणि अंगावर लोकरी घागरा! डेलियाचा गुडघा पहिल्याच वळणावर बोलू लागला. पुढे पावा आणि ढोल, मागे पुतण्या एकमेकींचे फोटो काढत हसत होत्या. हिरवळीपर्यंत ती पोचली ती केवळ निशाणाच्या काठीच्या आधाराने.

"ट्रस्कट!" चिटणीसबाईंनी पुकारले.

डेलियाने ओठ मिटून घेतले.

पुतण्या थबकल्या. रोलंड तिच्याकडे बघत राहिला, मग कर्टिसकडे. कर्टिसने बुटांकडे पाहिले. ढोलवाल्याने काठी वर उचलली. संपू दे, डेलियाने स्वतःला बजावले, आईसुद्धा थकलीच होती की.

"हजर!"

दोरीपलीकडच्या बघ्यांत मारिसेल हात वर करून उभी होती. दुसऱ्या हातात रिकामा डबा.

"ही कुठून मधेच?" रोलंड म्हणाला. "काडीमोड होऊन वर्षं लोटली हिचा! चिटणीसबाई, हे धरायचं नाही."

चिटणीसबाईंनी चष्मा वर सरकवला. "शंका आली तर घरातल्या थोरल्यांनी सांगायचं. डेलिया, ही तुमची का?"

नाही म्हटले असते तर सगळेच मिटले असते.

"आमची," डेलिया म्हणाली. मग रोलंडकडे वळून मोठ्याने, "आमचीच आहे! बाकीच्यांची काय वाचा बसली होती?"

ढोलवाल्याने काठी खाली घेतली. चिटणीसबाईंनी पुढचे नाव पुकारले. मारिसेल दोरीखालून वाकून आली, डबा गवतावर ठेवला आणि निशाणाची काठी धरली. काठी हलली नाही.

"सोडा आता, आई," ती हळूच म्हणाली. "मी धरलंय."

डेलियाने खाली पाहिले. तिच्या दोन्ही मुठी काठीवर घट्ट आवळलेल्या होत्या.