हरिदासकाकांची प्रार्थना

टिण्... खांद्यावरची पिन फरशीवर पडली, आणि एवढ्याशा आवाजानंही घर दचकल्यासारखं झालं. चर्चमधून परतून पाऊण तास झाला होता, तरी साडी अजून अंगावरच होती. देवश्री वाकली, पण तिनं पिन उचलली नाही; अर्धवट सुटलेला पदर मुठीत धरून ती पलंगाखाली सरकलेल्या त्या चकाकत्या टोकाकडे नुसती बघत राहिली – आणि वाटलं, आपल्याकडेही अजून कुणीतरी बघतंय. सगळी मंडळी. बाकांवरून मागं वळून वळून...

तिचा नवरा, शिशिर, स्कूटर काढून ब्राह्मणपाऱ्याच्या हलवायाकडे गेला होता, खोव्याची जलेबी आणायला. पाच वाजता हरिदासकाका चहाला येणार होते आणि त्यांच्यासमोर तिनं माफी मागायची होती. जाताना दारातूनच तो म्हणाला, "दोन वाक्यं बोलून दे अन् विषय खतम कर. काका मोठ्या मनाचे आहेत." जणू विषय तिनंच काढला होता.

झालं होतं एवढंच. संडे स्कूलच्या मुलांनी आज मोठ्यांसमोर एकेक प्रार्थना म्हणायची होती, आणि देवश्रीच्या सहा वर्षांच्या निधीनं हात जोडून, डोळे गच्च मिटून, अगदी हरिदासकाकांच्या आवाजात सुरुवात केली – "हेऽऽ परमपित्याऽऽ" – मग खोकला, मग भनपुरीच्या ट्रकवाल्यांसाठी, मग रेल्वेच्या सिग्नलसाठी, आणि शेवटी काकांचं ते ठरलेलं, "ही आमची बहीण, प्रभू, हिचं नाव तुला ठाऊक आहे." काका चर्चच्या मंडळीतले सगळ्यांत जुने वडीलजन, प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्याला धावत येतात, तासभर प्रार्थना करतात, पण नावं म्हणून त्यांना आठवत नाहीत. रायपूरच्या या मूठभर मराठी ख्रिस्ती घरांत हे कुणाला माहीत नव्हतं? माना खाली गेल्या, खांदे हलायला लागले. आणि देवश्रीनं पाहिलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं – काकांच्या पांढऱ्या मिशीचं टोक थरथरलं होतं. ते हसणार होते. अजून एक श्वास, बस... तेवढ्यात शिशिर उभा राहिला.

"वडीलजनांची मी माफी मागतो. घरात हे असलं शिकवणं चालतं, मला माहीत नव्हतं. माझ्या पत्नीच्या वतीनं –"

मिशी थांबली. ज्या म्हाताऱ्याला हसू येत होतं, त्याला आता अपमान झालेला असणं भाग पडलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, गंभीरपणे मान डोलावली, आणि सगळी मंडळी त्याच्याबरोबर गंभीर झाली.

मला माहीत नव्हतं.

अरे, तुला माहीत नव्हतं? याच खोलीत, याच पलंगावर तुझी आई शेवटचे अकरा महिने पडून होती ना... पाळक यायचे, बायका यायच्या, रडत रडत प्रार्थना करायच्या, आणि शेवंताबाई भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायच्या. एका संध्याकाळी चादर बदलताना, सासूबाईंचं हाडाचं ओझं एका कुशीवर घेताना, देवश्रीच्या तोंडून उगीचच निघून गेलं – हेऽऽ परमपित्याऽऽ. हाताखालची हाडं हलायला लागली. तिला वाटलं, झटका आला. ती ओरडणारच होती, तर म्हातारी हसत होती! डोळ्यांतून पाणी, तोंडात दात नाही, आणि हसत होती. "अवं, अजून एक डाव कर वं." स्वयंपाकघरातून शिशिर धावत आला तो फरशीवरच बसला, पोट धरून. मग रोजचंच झालं, पायथ्याशी बसून निधीही ऐकायची. भनपुरीच्या ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, काकांची प्रार्थना झाली का आज? रेल्वेचा सिग्नल त्याचाच. देवश्रीच्या प्रार्थनेत सिग्नल नव्हता. तो शिशिरनं घातला होता, आणि आईला ठसका लागेपर्यंत तो पुन्हापुन्हा म्हणवून घेतला होता.

मी टिंगल केली? काका आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे सहा दिवस मी त्यांना घरात आणत होते... हसून मोकळ्या झालेल्या सासूबाई मग आपणहून हात जोडायच्या, दोन शब्दांत देवाशी आटपायच्या आणि निजायच्या. रडक्या प्रार्थनांनी त्यांना कधी झोप लागली नव्हती. एकदा म्हणाल्या होत्या, "सगळे माह्यापाशी येऊन रडून राहिले, तू हसवून राहिली. देवाले कोणती पोचत असन, सांग?"

वरण गरम करता करता देवश्रीनं ती दोन वाक्यं म्हणून पाहिली. काका, माझं चुकलं – नाही, हे चर्चमधल्या कुठल्याशा बाईसारखं झालं. काका, मनात काही धरू नका – हे तर तिची आईच बोलल्यासारखं. मग काहीच ठरवलेलं नसताना घशातून बाहेर आलं, "मला माहीत नव्हतं." हनुवटी किंचित वर, शेवटचं अक्षर गिळलेलं. हुबेहूब शिशिर.

ती घाबरली. आठ वर्षांच्या संसारात तिनं त्याची नक्कल कधी केली नव्हती; जमतच नव्हती, इतका तो जवळचा होता. आता न शिकता जमली. आणि हसू आलं नाही. काकांचा आवाज काढताना घसा कसा उबदार व्हायचा, त्यांचा खोकलासुद्धा मायेनं काढावा लागायचा... हा आवाज मायेशिवायच आला, आणि जिभेवर लोखंडासारखा गार पडून राहिला. तिनं गॅस बंद केला. पाच वाजता हाच आवाज तोंडातून निघाला तर?

निधी ताटासमोर बसली होती, भाताला हात न लावता. स्कूटरवर पप्पांनी तिला बजावलं होतं, आता असं करायचं नाही. देवश्री बसल्यावर तिनं ताट पुढं सरकवलं. "मम्मी, प्रेयर."

देवश्रीनं हात जोडले. साधंच म्हणायचं होतं, अन्नासाठी, लेकरासाठी. "हे पित्या..." पण अक्षर आपोआप लांबलं. तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण दुसरा आवाज सापडेना. अकरा महिने या घरात ती ज्या आवाजात देवाशी बोलली, त्यात तिचा स्वतःचा कधी मिसळून गेला होता, तिला कळलंच नव्हतं. "हेऽऽ परमपित्याऽऽ..." पापण्यांखाली पाणी साठलं, आणि पोटातून काहीतरी वर यायला लागलं – हुंदका, की ते दुसरं, तिला निवडता येईना, आणि निवडावंसंही वाटेना.

निधीनं एक डोळा उघडला. दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये असं विचारलं,

"मम्मी, ये सच्ची वाली है, की हसायची?"