बारातून सात

रूपाला वजाबाकी येत नव्हती आणि त्यापायी मी दीड वर्ष तिच्यावर चिडत होते. बेरीज यायची. पाच चिंचोके आणि तीन चिंचोके मिळून आठ, हे ती बोटंसुद्धा न मोजता सांगायची. पण नऊ चिंचोके मांडून त्यातले चार मी मुठीत घेतले आणि किती उरले म्हणून विचारलं, की तिचं उत्तर नऊच. कसे गं नऊ, म्हटलं की माझ्या मुठीकडे बोट दाखवायची. चार तुमच्यापाशी हायेत की, म्हणायची.

मी वडगावची. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची चार तिकोणा पेठेच्या वर, उंबराच्या वाडीत. पेठेपर्यंत स्कूटी, पुढे पाऊण तास चढण. शाळेला खोल्या दोन आणि शिक्षक मी एकटी. दुसरी जागा रिकामी होती, ती लवकरच भरू असं मला दर वर्षी सांगत, आणि सांगणारा माणूस दर वर्षी वेगळा असायचा. खिचडी शिजवायला पेठेतून बयाबाई यायची. विधवा बाई, साठीला टेकलेली, गुडघे धरत वर चढायची, कारण दुसरं काम तिला कोणी देत नव्हतं. खाली धरणाच्या काठाला तंबू ठोकलेत, तिथे पुण्याहून आलेल्यांना भाकऱ्या भाजून द्यायलासुद्धा तंबूवाल्यांना तरण्या बायका लागतात, असं ती म्हणायची.

पट बारा मुलांचा. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जायची आणि त्यांच्याबरोबर मुलंही जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. त्या वर्षी सात गेली. उरली पाच. रूपाचे आईबापही दोन धाकट्या पोरांना घेऊन गेले होते. गंगी आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून तिच्याजवळ रूपाला ठेवलं होतं.

आता खरं ते सांगते. गेलेल्या त्या सात मुलांना मी हजेरीपटावर रोज हजर मांडत होते. दहाच्या आत मुलं बसत असतील तर शाळा बंद करून खालच्या मोठ्या शाळेत मिसळायची, असं आम्हाला तोंडी सांगून ठेवलं होतं. ती शाळा सहा किलोमीटरवर. साहेबांच्या गाडीला सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. सात वर्षांच्या पोरीला तेच रान आणि दोन ओढे आहेत, आणि पावसात त्यातला एक कमरेच्या वर चढतो. तिथे एकही मूल जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी खोटं लिहीत होते. त्या सात जणांच्या वाटचा तांदूळ मी घरी नेत नव्हते आणि बयाबाईही नेत नव्हती, तो ह्या पाचांच्याच पोटात जायचा. कोणाला पटवून द्यायला हे सांगत नाही. आता कोणाला पटूनही काही उपयोग नाही.

रूपाची तक्रार घेऊन मी एकदा गंगी आजीकडे गेले. म्हटलं, पोर हुशार आहे पण वजाबाकीला अडून बसते. आजी तांदूळ पाखडत होती. मी रूपाला तिच्या देखत विचारलं, तुझ्या घरात माणसं किती? सहा. त्यातली चार भट्टीवर गेली, मग राहिली किती? सहा. मी आजीकडे पाहिलं, बघा म्हणून. आजीनं सूप खाली ठेवलं.

"बरुबर हाय की. गेल्यात म्हंजी मेल्यात व्हय?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, माझ्या पेशाचा मान न ठेवता, वेड्या माणसाला सांगावं तसं. वाडीत माणूस कुठेही गेला तरी घरच्या मोजणीतून त्याला काढत नाहीत. मेलेल्याला काढतात, तेही बारावा झाल्यावर. जित्या माणसाला वगळून मोजलं तर तो परत येत नाही. तिच्या सासूचा धाकटा मुलगा तसाच गेला होता म्हणे, कोणीतरी घरात तीनच आहेत म्हणालं आणि तो लोणावळ्याच्या बाजूला कामाला गेलेला कायमचा तिकडचा झाला.

मला त्या वेळी हसू आलं होतं. उतरताना मी विचार केला, अडचण सापडली, आता उपाय सापडेल. शिक्षकाला दुसऱ्याचं अज्ञान सापडलं की फार बरं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून चिंचोके बंद. मी ओढ्यातले बारा गोटे आणले आणि प्रत्येकावर खडूनं एकेका मुलाचं नाव लिहिलं. सकाळी बाराही गोटे वर्गात मांडायचे, मग भट्टीवर गेलेल्यांचे सात उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायचे, आणि विचारायचं, हितं किती? बाकीची चार पोरं दोन दिवसांत शिकली. पटावर बारा, भट्टीवर सात, हितं पाच, असं ओरडून म्हणायची. रूपा उंबऱ्याबाहेरच्या गोट्यांकडे बघत बसायची. करण आणि बाकीचे तिला हसायचे. मग तिनं गोटे बाहेर ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं. ती ते सावलीत ठेवायची.

तीन आठवडे हे चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी तिला जवळ ओढून म्हटलं, जे हाताला लागत नाही ते मोजायचं नाही, कळलं? दिसतं तेवढंच मोज. आता सांग, तुझ्या घरात आज माणसं किती? मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन," ती म्हणाली.

ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी काहीतरी बोलले असते. मी तिची पाठ थोपटली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर तिला काहीही घातलं तरी यायचं. सतरातून नऊ, विसातून तेरा, झटक्यात. त्या दिवशी डोंगर उतरताना मी स्वतःवर इतकी खूश होते की कामशेतला थांबून पावशेर पेढे घेतले आणि घरी कोणाचा वाढदिवस नसताना वाटले.

आठवड्यानं गंगी आजी काठी टेकत शाळेत आली. म्हणाली, पोर आता भाकरी करायच्या वेळी दोन माणसं, दोन भाकरी म्हणून मोजती. आयबापाला वजा करायला शिकिवलंत व्हय, बाई? मी तिला म्हटलं, आजी, हे फक्त गणित आहे. ती परत गेली. मला अजूनही तिचा नाही, माझाच राग येतो.

जानेवारीच्या शेवटी निरोप आला की तालुक्याहून साहेब शाळा बघायला येणार. कागदावरचा पट नको, प्रत्यक्ष किती बसतात ते बघायचं होतं त्यांना. मी ठरवलं, सांगायचं की बेडशाला लग्न आहे आणि सात मुलं आईबापांबरोबर तिकडे गेलीत. लग्नसराई होतीच. बयाबाई भांडी घासता घासता म्हणाली, पोरान्ला बी पढवून ठेवा, न्हाईतर एखादं बोलून जाईल. मी ताडकन म्हटलं, मावशी, मुलांना खोटं बोलायला मी शिकवणार नाही. तिनं हात थांबवले.

"मंग तुमी कशाला लिवता?"

मी म्हटलं, माझं पाप माझ्यापाशी, मुलांना त्यात ओढायचं नाही. हे म्हणताना मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. बयाबाईनं पातेलं उपडं घातलं.

साहेब आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. दोन तांबे पाणी प्यायले. माणूस वाईट नव्हता. भिंतीवरची मुलांची चित्रं बघितली, खिचडीची चव घेऊन बयाबाईला बरं बोलले. लग्नाची गोष्ट मी सांगितली ती त्यांनी लिहून घेतली. त्यांना ती खरी वाटली की त्यांना खरी मानायची होती, मला माहीत नाही. इतक्या चढणीवर पुन्हा यायचं कोणाच्या जिवावर येत नाही? पेनाचं टोपण लावता लावता जाण्याआधी एखाद्या मुलाला काही विचारावं म्हणून त्यांनी पुढच्या रांगेतल्या रूपाला उभं केलं.

तुमच्या शाळेत बारा मुलं, सात गेली लग्नाला, किती राहिली, असं त्यांनी विचारलं. पाच, रूपा म्हणाली. बोटं नाहीत, खडू नाही, काही नाही. मला वाटलं आता ह्यांनी दुसरं काही न बघता जावं, माझं दीड वर्ष ह्या एका उत्तरात आलं. साहेब खूश झाले. शाब्बास म्हणाले आणि उगाच, कौतुकानं, पुढचं विचारलं.

"आणि उद्या ती सात परत आली की किती होतील?"

"पाच."

"अगं, सात मिळवायचे ना? वजाबाकी येते आणि बेरीज येत नाही?"

हे रूपाला लागलं. बेरीज तिला पहिल्यापासून येत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग साहेबांना नीट समजावून सांगितलं, तिच्या आजीनं मला सांगितलं होतं तसंच, घाई न करता.

"येती मला. पाच आन् सात बारा. पन ती उद्या यायची न्हाईत. लग्नाला न्हाई गेली ती, दिवाळीपासनं भट्टीवर हायेत. उद्या बी पाचच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हजेरीपट पुन्हा मागून घेतला आणि दिवाळीपर्यंतची पानं एकेक करून मागे उलटली. सगळीकडे बाराच होते. बयाबाई दारात उभी होती, ती आत चुलीकडे गेली. रूपा अजून उभीच होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"बरुबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. साहेबांच्या देखत म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तिचं बरोबरच होतं.

पुढचं सगळं कागदांवर झालं. मला नोटीस आली, मी उत्तर दिलं, ते पुरेसं नाही असं कळलं. एप्रिलमध्ये शाळा मिसळल्याचा हुकूम आला. पाचांपैकी करणला त्याचा मामा शिकायला घेऊन गेला. बाकी चौघांच्या घरी मी जाऊन खालच्या शाळेबद्दल बोलले. सगळे हो म्हणाले, आणि कोणीही पाठवणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गंगी आजीनं तर सरळ सांगितलं की पुढच्या दिवाळीला रूपा आईबरोबर जाईल, आता हितं ठिवून काय करायचं. माझ्या बदलीत मला लोणावळ्यातली शाळा मिळाली. चार वर्षं मी तीच मागत होते.

शेवटच्या दिवशी मी कपाटातली पुस्तकं पोत्यात भरत होते. बयाबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ती भांडी मोजून देऊन खाली उतरली. जाता जाता अंगणात कोणाला तरी म्हणाली, त्या पोरीनं त्या दिवशी बारा म्हटलं असतं तर आज ही येळ आली नसती. मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू यावं म्हणून. ते रूपानंही ऐकलं असणार.

रूपा अंगणातून आत आली आणि पोत्याचं तोंड धरून उभी राहिली, मला पुस्तकं टाकायला सोपं जावं म्हणून. थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"बाई, मी बारा म्हनले असते तर?"

खोटं बोलावंसं वाटलं. तीन महिने कागदावर खोटं लिहिणाऱ्या बाईला एक वाक्य काही जड नव्हतं. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्याचीच मला घमेंड होती.

"तर शाळा राहिली असती," मी म्हणाले.

तिला राग आला नाही. ती विचार करत होती, गणित घातल्यावर करायची तसा, ओठ किंचित हलवत. पोत्यात आणखी दोन पुस्तकं पडली.

"मंग तुमी आदी सांगायचं व्हतं ना," ती म्हणाली. "मला बारा म्हनाया येत व्हतं."