दक्षिणेकडे पाय

चुन्याच्या बादलीत ब्रश बुडवून यूडितने तो काठावर झटकला आणि रूबेनच्या थडग्याच्या पायथ्यापासून सुरुवात केली. पायथा पूर्वेला. इथली सगळीच थडगी तशी. मेलेले पुन्हा उठतील त्या दिवशी उठून बसलं की तोंडावर थेट सूर्य यावा म्हणून. उद्या ईस्टर. उजाडायच्या आधी गाव गात गात नदीकाठच्या या दफनभूमीत येणार, आणि अंधारात पांढरं तेवढंच दिसणार. म्हणून आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापलं माणूस रंगवून ठेवायचं.

रूबेनच्या शेजारचा मातीचा उंचवटा मात्र आडवा होता. सगळी रांग मोडून, पाय दक्षिणेला, सांडपाण्याच्या चराकडे. तो शेजारच्या रजवंतीचा बिरजू.

ताप पावसात आला तो दोन्ही घरांत. आधी रूबेन गेला, मागोमाग बिरजू. एवढं लहान मूल हिंदू लोक जाळत नाहीत, पुरतात. पण त्यांची जागा बांधाखाली, आणि बांधाखाली तेव्हा नदीच होती. रजवंतीचा नवरा टोपी हातात धरून चर्चच्या पंचांसमोर उभा राहिला.

"राजधानीत, पारामारिबोत, मशीद आणि सिनेगॉग एका कुंपणाला लागून आहेत," पाळक म्हणाले. "आपल्याला एका लेकराला जागा देता येऊ नये?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या रात्री जेवताना एव्हर्ट, म्हणजे दफनभूमी सांभाळणारे यूडितचे सासरे, म्हणाले, "रिकामी जागा तुझ्या पोराशेजारीच आहे. तू म्हणशील तसं करू."

यूडितने ताटातला कसावाचा तुकडा बोटाने एका कडेला सारला.

"द्या जागा. पण आडवा ठेवा."

"का गं?"

"ते आपले नाहीत ना."

म्हातारा हसला. "खरं आहे. त्या दिवशी गर्दीत घोटाळा नको."

घोटाळ्याचं त्यांना काय ठाऊक. यूडित सकाळी होडीने पलीकडच्या शाळेत शिकवायला जायची, तेव्हा रूबेन रजवंतीच्या पदराखाली वाढला. एका मांडीवर बिरजू, एका मांडीवर हा. पहिला शब्द बोलला तो 'माई', आणि तो रजवंतीला. संध्याकाळी यूडितने हात पुढे केले की मान फिरवायचा. तापातही त्याने माईलाच हाका मारल्या, आणि यूडितने तिच्यासाठी दाराची कडी काढली नाही. आता त्या दिवशी तो उठला, शेजारी बिरजू उठून बसलेला दिसला, तर दोघं हातात हात घालून आधी कुणाकडे धावतील? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. फक्त उत्तराची तजवीज करून ठेवली होती.

"दिसतोय बघ कसा. नवरदेव नुसता."

यूडितने वर पाहिलं. रजवंती फाटकातून आत आली होती. हातात फडक्याने झाकलेली थाळी. आंब्याखाली एव्हर्ट यूडितच्या धाकट्या सेल्माला खेळवत बसले होते. रजवंती आधी त्यांच्याकडे गेली.

"काका, हलवा आणलाय. तोंड गोड करा."

"आज उपास आहे गं माझा."

"म्हणजे दोनदाच घेणार?"

म्हातारा खो खो हसला आणि त्याने मोठा घास घेतला. "सगळी एकाच देवाची लेकरं आपण," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला.

रजवंती येऊन यूडितजवळ उकिडवी बसली. बिरजूच्या मातीवरचं गवत दोन बोटांनी उपटू लागली.

"उद्या मी आले तर चालेल? मागे उभी राहीन. गाणं येत नाही मला."

"तुला कशाला पहाटेचा त्रास?"

"आमच्यात जीव पुन्हा जन्म घेतो. घेईलही. पण कुणाच्या तरी घरी, कुणाचा तरी होऊन." गवताची मुळं तिने झटकली. "तू सांगितलंस ना, तुमच्यात तोच परत मिळतो म्हणून? त्याच तोंडाचा, त्याच हातांचा. मला तोच हवाय, यूडित. दुसरा नको."

यूडितचा ब्रश रूबेनच्या नावाच्या अक्षरांभोवती फिरत राहिला.

"म्हणून मी तेव्हा काकांच्या पाया पडले होते. म्हटलं, रूबेनसारखाच ठेवा ह्यालाही, सूर्याकडे. नाही म्हणाले. म्हणाले, पोरी, तुझा धर्म सोडू नकोस, दक्षिणेकडे पाय हीच तुमची रीत. घरी सासूला सांगितलं तर ती रडलीच. म्हणे, आपल्या माणसांना तरी आठवलं असतं का एवढं?" ती थांबली. "हे तुझ्यामुळे, असं म्हणाले काका. तू आठवण केलीस म्हणे."

ब्रशमधून चुना यूडितच्या पावलावर ठिबकला. तिने तो पुसला नाही.

रजवंतीने कमरेची गाठ सोडली. त्यात बिरजूचे चांदीचे वाळे. "घरात दिसले की जीव जातो. सेल्माला होतील." तिने सेल्माला हाक मारली, पाय मांडीवर घेतले आणि वाळे चढवले. पोर धूळ उडवत नाचायला लागली.

"एक करशील? रूबेनला सांगून ठेव. उठला की ह्याला हाक मार म्हणावं. हा वळून निजलाय, लहान आहे, सूर्य कुठून येतो ते कळायचं नाही त्याला."

"सांगेन."

"आणि चुना असेल थोडा तर दे. दगड नाही, पण मातीवर चार हात मारते. अंधारात दिसायला हवा ना."

बादलीत अर्ध्याच्या वर चुना होता. रजवंती बसली होती तिथून बादलीची फक्त बाहेरची बाजू दिसत होती. यूडितने आंब्याकडे पाहिलं. सासरे थाळीतून दुसरा घास घेत होते. सेल्मा वाळे वाजवत धावत आली. आईला बिलगेल असं वाटलं, पण ती जवळून निघून रजवंतीच्या मांडीत जाऊन बसली.

"संपला," यूडित म्हणाली. "आत्ताच संपला बघ."

"असू दे," रजवंतीने पोरीच्या केसांतली धूळ फुंकली. "रूबेन आहे की शेजारी."

ती गेली. फाटकापर्यंत सेल्मा तिच्या बोटाला धरून गेली. वाळ्यांचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता. यूडितने बादली पुढे ओढली आणि रूबेनच्या थडग्यावर दुसरा हात दिला. मग तिसरा. ऊन उतरलं, सासऱ्यांनी घरी चलायला हाक मारली, तरी ती उठली नाही. बादलीचा तळ कोरडा लागेपर्यंत ती रंगवत राहिली.