एक तारखेपासून शिफ्ट

या देशाच्या अर्थव्यवस्थेचा भार माझ्या खांद्यांवर उभा आहे. आता देशाचा म्हणजे अगदी सगळ्या देशाचा नसेल, पण मुंबईच्या उपनगरांचा तरी नक्कीच. उपनगरांतही विशेषकरून मुलुंडचा. मुलुंडमधल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्याचा, असं म्हटलं तर कोणी भांडायला येणार नाही. आणि खरंच सांगायचं, तर तुमच्या आजोबांच्या छत्रीच्या खटक्याचा.

मित्रांनो, मी एक जुनी पॉवर प्रेस आहे. प्रेस म्हणजे इस्त्री नव्हे, आणि वर्तमानपत्र छापणारी ती तर नव्हेच. ओतीव लोखंडाचं उभं धूड, बाजूला बैलगाडीचं शोभेल एवढं चाक आणि मधोमध वरखाली होणारा ठोकळा, असं माझं रूप आहे. ठोकळ्याखाली डाय, म्हणजे लोखंडी साचा बसवायचा. पत्र्याची पट्टी सरकवायची आणि पायाने पेडल दाबायचं. धाडकन ठोका पडतो आणि खटका, टोपी, टिकली, जे काय हवं असेल ते खाली पडतं. मला येतं ते एवढंच. पण एवढंच नीट येणारी माणसंही थोडी असतात.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका फाउंड्रीत झाला. अंगावर घराण्याचं नाव ओतलं होतं, पण साच्यात हवा राहिल्यामुळे पहिलं अक्षर उमटलंच नाही. त्यामुळे मी नेमक्या कोणत्या घराण्यातली, हे कोणालाच ठाऊक नाही. मुंबईत त्याने कोणाचं काही अडत नाही.

मला आणलं राजारामभाऊंनी. ते मूळचे कोकणातले आणि परळच्या गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे काही सोबती गावी गेले आणि काही ती पुन्हा सुरू होईल म्हणून वाट बघत बसले. भाऊंना वाट बघायची सवय नव्हती. त्यांनी मुलुंडला मेव्हण्याचा पडीक गाळा घेतला, मला आणून उभं केलं आणि छत्रीचे खटके काढायला सुरुवात केली.

भाऊंना एक खोड होती. हातात आलेली कुठलीही वस्तू ते उलटी करून बघत. ती कशी बनवली आहे, पत्रा कुठे दुमडला आहे आणि आपल्याला ती काढता येईल का, हे त्यांना तिच्या पोटाकडून कळे. एकदा एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा पेला उलटा केला. पेल्यात मठ्ठा होता. नवऱ्या मुलाचे मामा शेजारीच बसले होते. भाऊंनी त्यांची माफी मागितली, पण पेल्याचा काठ कसा वळवलाय ते बघून घेतल्यावर.

या खोडीनेच आम्हाला जगवलं. बाजारात बाहेरच्या स्वस्त छत्र्या आल्या तेव्हा भाऊंनी डाय बदलली आणि मी स्टोव्हच्या टोप्या काढू लागले. घरोघरी गॅस आला तशी डाय पुन्हा बदलली. मग कॅसेटच्या पोटातली ती नाजूक पितळी पट्टी आली. ते आमचे सोन्याचे दिवस होते. तेव्हा गाळ्यात दोन पाळ्या चालत. सगळे त्याला शिफ्ट म्हणत. पहिली शिफ्ट सुटायची आणि दुसरी लागायची. माझा ठोका चालू असला की पलीकडचा निकेल चढवणारा चालायचा, वरच्या मजल्यावरचा खोकेवाला चालायचा, कोपऱ्यावरच्या टपरीचा स्टोव्ह पेटलेला राहायचा. माझा ठोका थांबला की टपरीवाला डोकावून विचारायचा, काय झालं म्हणून. पुढे पुढे इस्टेटीतले बाकीचे मालकही संध्याकाळी भाऊंकडे यायचे आणि आपापल्या गाळ्यातली वस्तू पुढे ठेवून आता काय काढू, असं विचारायचे. भाऊ ती उलटी करायचे आणि चहा मागवायचे. स्थानिक उद्योजकांची संघटना ती हीच. तिला लेटरहेड मागाहून आलं.

माझ्यावर काम करायची शकु. ती लग्न होऊन अकोल्याकडून मुलुंडला आली होती आणि टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत राहायची. तिचा पेडलवरचा पाय आणि माझा ठोका यांचं असं जमलं होतं, की ती माझ्यासमोर बसून शेजारणीशी सुनेचा विषय काढायची आणि तिचे हात आपलं काम करत राहायचे.

सुट्टी झाली की भाऊ शटरपाशी उभे राहून प्रत्येकाला म्हणायचे, “हात दाखव.” माझ्यासारखीच्या जबड्यात बोट गेलं तर ते परत येत नाही, म्हणून दोन्ही पंजे बघितल्याशिवाय ते कोणाला घरी सोडत नसत. नव्या माणसाला वाटायचं, मालक भविष्य सांगतात. एकाने लाजत लाजत आपलं लग्न कधी जमेल, असं विचारलं होतं. भाऊंनी त्याचा हात नीट बघितला आणि म्हणाले, “आधी नखं काप.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शकु मला रॉकेलने घासून पुसून तेल घालायची. दसऱ्याला भाऊ झेंडूचा हार चढवायचे, हळदकुंकू लावायचे. शकु त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात जाताना वाटेत गाळ्यात डोकवायची. “पूजा तुम्ही करा भाऊ, तेल मी घातलंय,” असं ती म्हणायची. “दोन्ही लागतत गो,” असं म्हणून भाऊ तिच्या हातावर खोबरं ठेवायचे. धर्म, उद्योग आणि वंगण यांच्यावर याहून जास्त चर्चा आमच्या गाळ्यात कधी झाली नाही.

मग भाऊ गेले. त्या दिवशी मी बंद होते. दुसऱ्या दिवशी सुरू झाले. शकुने पेडलवर पाय ठेवला तो जरा हळू ठेवला, एवढंच.

गादीवर भाऊंचा मुलगा हर्षद आला. त्याला नावं ठेवावीत असं त्याने काही केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शिकलेला, मेहनती आणि गोड बोलणारा मुलगा. हात दाखवायची पद्धत बंद करून त्याने भिंतीवर अंगठा लावायचं यंत्र बसवलं. शकुचा अंगठा त्या यंत्राला ओळखू येईना, कारण पत्रा सरकवून सरकवून तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या होत्या. यंत्राच्या मते शकु रोज गैरहजर असायची. मी तिला रोज बघत होते, पण यंत्रं एकमेकांचं ऐकत नाहीत.

महामारीत सगळं मुलुंड बंद झालं तेव्हा हर्षदने बापाचं नाव राखलं. त्याने एक मास्क उलटा करून बघितला. नाकावर बसते ती बारीक पट्टी. त्याने डाय बनवून घेतली, परवाना आणला आणि मी नाकपट्ट्या काढू लागले. आख्ख्या इस्टेटीत फक्त माझा ठोका ऐकू येत होता. हर्षदचा फोटो पेपरात आला, माझ्या चाकावर हात ठेवलेला. खाली त्याचं नाव होतं. माझा उल्लेख ‘यंत्रसामग्री’ असा होता. मला तेही पुष्कळ वाटलं.

त्यानंतर ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांची टोपणं आली. काम वाढलं, हर्षद संघटनेचा अध्यक्ष झाला आणि गाळ्यात कुजबुज सुरू झाली, की आता बहुतेक पुन्हा दोन पाळ्या लागणार.

आणि एका सकाळी शटरच्या आत, भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. ‘सर्व कामगारांना कळविण्यात येते की एक तारखेपासून शिफ्ट. सर्वांनी सहकार्य करावे.’

शकुने तो कागद दोनदा वाचला. मग तिने तिसऱ्यांदा, मोठ्याने वाचला.

तिची सून अस्मिता घाटकोपरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होती. ती घरी यायची तेव्हा तिचं पोर झोपलेलं असायचं आणि निघायची तेव्हाही झोपलेलं असायचं. पोराने एकदा तिला ‘मावशी’ म्हटलं होतं. घरात सगळे हसले होते, अस्मिता सोडून. त्या कागदाच्या दुसऱ्या दिवशी शकु तिला जेवणाच्या सुट्टीत गाळ्यात घेऊन आली आणि माझ्यासमोर बसवलं.

“अगं, सोड ते मॉल,” शकु म्हणाली. “इथं दुसरी शिफ्ट लागतेय. सकाळी मी, दुपारनंतर तू. पोर एकीच्या ना एकीच्या हाताशी राहील.”

“आणि नाही लागली तर?”

“भिंतीवर लावलंय ना बाई. छापलेलं आहे.”

अस्मिताने नोकरी सोडली. दुकानाने तिच्या जागी लगेच दुसरी मुलगी घेतली. जेवणाच्या सुट्टीत शकु तिला शिकवू लागली. अस्मिताचा पाय आधी घाबरत होता, पण तिला ठोक्याची लय पटकन सापडली. मला नवा पाय आवडला. एकदा तर नुसता आवाज ऐकून सासूने आतून विचारलं, हा ठोका माझा की तुझा?

अस्मिताने पेढे आणले. त्यातला एक हर्षदला दिला आणि म्हणाली, “शिफ्टचे.” हर्षदचे डोळे भरून आले. कामगार एवढे समजूतदार असतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी संघटनेच्या सभेत त्याने भाषण केलं. बदलाला विरोध होतो हे खोटं आहे, आपण विश्वासात घेतलं तर आपले कामगार बदलाचे पेढे वाटतात, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. पेढ्याचा किस्सा आजूबाजूच्या संघटनांतही गेला.

एक तारीख उजाडली. अस्मिता डबा घेऊन सासूबरोबरच आली होती, पहिला दिवस म्हणून. दारात क्रेनवाला ट्रक उभा होता. मागून हर्षद आला आणि त्याने हसत विचारलं, “काय शकुमावशी, बांधाबांध झाली?”

“कसली?”

“शिफ्टची. आज वाड्याला निघायचं ना.”

शकु त्याच्याकडे बघत राहिली. “दादा, शिफ्ट म्हणजे दुसरी पाळी ना?”

हर्षदने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “शिफ्ट म्हणजे शिफ्ट, मावशी. आख्खा कारखाना. तिकडे नवी शेड बांधलीय.” त्याने सगळं समजावून सांगितलं. आजूबाजूला टॉवर झाले होते, टॉवरमधली माणसं माझ्या ठोक्याच्या तक्रारी करत होती, इथे वाढायला जागा नव्हती. तिकडे कितीतरी लोकांना काम मिळणार होतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. राहायची सोयही करून देतो म्हणाला. पण शकुचं घर टेकडीवर होतं, मुलगा इथे टेम्पो चालवत होता आणि वाडा म्हणजे दूरचं तालुक्याचं गाव, रोज उठून जाऊन यायच्या अंतरावर नाही.

“अहो, पण मी मराठीतच लिहिलं होतं ना,” हर्षद शेवटी म्हणाला. ते तो तिला म्हणाला की स्वतःला, मला कळलं नाही.

“हो ना,” शकु म्हणाली. “म्हणून तर वाचलं.”

अस्मिताने डबा पोरासारखा उराशी धरला होता. ती सासूला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शकुने आत येऊन माझं बटण एकदा चालू केलं आणि मग बंद केलं. माझं चाक जड आहे. बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. ते थांबेपर्यंत शकु तिथेच उभी होती.

तिकडच्या शेडमध्ये हायड्रॉलिक प्रेस घेतल्या होत्या, त्यामुळे मला कोणी नेलं नाही. विभागाची अर्थव्यवस्था वाढली आणि वाढता वाढता विभागाच्या बाहेर गेली. हर्षद खरोखरच मोठा झाला. वाड्याची पोरं आता टोपणं काढतात आणि त्यांच्या घरात चूल पेटते, याचा मला आनंद आहे. दुःखही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे मला एवढ्या वयात कळलं.

आमच्या इस्टेटीला काचा लावल्या आणि तिचं बिझनेस सेंटर झालं. मला सोनेरी रंग मारून खालच्या लॉबीत उभं केलंय. पायाशी पितळी पाटी आहे, ‘परंपरा’. रंग सांध्यांतही गेल्यामुळे आता मी हलू शकत नाही. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. परवा एका सूटवाल्याने दुसऱ्याला सांगितलं, की हे पूर्वीचं उसाचा रस काढायचं यंत्र.

शकु आता घरी नातवाला सांभाळते. ती इथे कधी आली नाही. अस्मिता मात्र येते. कंत्राटदाराकडून तिला याच लॉबीच्या फरशीचं काम मिळालंय, मॉलपेक्षा कमी पगाराचं. जवळ नोकरी हवी होती ती मिळाली. सासूसुना पुन्हा बोलू लागल्या आहेत, पण शिफ्ट हा शब्द घरात निघत नाही. अस्मिता सांगते, “आज मला लवकर जायचंय,” आणि शकु म्हणते, “बरं.”

साफसफाईच्या माणसांनी लॉबीत बसायचं नाही, असा इथला नियम आहे. सोफे पाहुण्यांसाठी आहेत. मग फरशी पुसून झाली की अस्मिता माझ्यामागे येते आणि माझ्या चाकाला पाठ टेकून जरा वेळ उभी राहते. माझ्यासमोर बसून काम शिकलेली ती शेवटची. मी सध्या तेवढ्याच कामाला येते.

तर मित्रांनो, आता या ठिकाणी मी तुमच्याकडे काहीतरी थोर मागावं, अशी अपेक्षा असेल. जुन्या यंत्रांना जपा, श्रमाला मान द्या, कष्टकऱ्यांना विसरू नका. ते सगळं तुम्ही शाळेत लिहिताच आणि त्याला गुणही बरे मिळतात. माझं मागणं तेवढं मोठं नाही. गेल्या आठवड्यात कोणीतरी माझ्या चाकाला मनी प्लांटची कुंडी अडकवली आहे. तुमच्यापैकी कोणाचे आईबाबा या इमारतीत कामाला असतील, तर त्यांना सांगा, ती कुंडी तेवढी जरा पलीकडे सरकवा. टेकायला जागा उरत नाही.