दोन मोबाईलवरचे दोन समुद्र

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ऐरोलीच्या एका ऑफिसात, एसीच्या गारव्यात माझे आयुष्य गेले. नवी यंत्रे आली तसे मला कोपऱ्यात सरकवले आणि माझ्यावर धूळ बसली. तरी एखाद्या प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायची झाली की अजूनही मलाच सुरू करतात. नव्या यंत्रांवर सगळेच पळतात. कोण दमतो, ते माझ्यावर कळते.

गेल्या वर्षी आमच्याकडे मोरा बंदरातल्या मच्छीमारांसाठी हवामानाची वेबसाइट बनत होती. वारा सुटला की सगळे एकदम तेच पान उघडणार. म्हणून ते पान हाताशी साठवून ठेवायचे, म्हणजे दर वेळी मूळ माहितीपर्यंत धावावे लागत नाही. या साठवणीला कॅश म्हणतात, आणि त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आयते लिहिलेले प्रोग्रॅम, मिळतात. त्यांतली कुठली घ्यावी, हे संघप्रिया आणि रणजीत या दोघा इंजिनिअरांनी ठरवायचे होते.

एक लायब्ररी डिस्कवर लिहीत असे. वीज गेली तरी ती काही विसरत नसे, पण गर्दीत धापा टाकू लागली. दुसरी प्रत्येक यंत्राच्या मेमरीत वेगळी प्रत ठेवी. ती माझ्यावरही सुसाट धावली. तिसरी सर्व यंत्रांसाठी मिळून एकच प्रत ठेवी, त्यामुळे तिला किंचित वेळ लागे. रणजीतने दुसरी पसंत केली. संघप्रियाचे म्हणणे पडले की आधी मोऱ्याच्या काही घरांना ती वापरून बघू दे. मग मी आणि शेजारचे नवे यंत्र मिळून कामाला लागलो.

एका दुपारी हवामानाचा इशारा बदलला. थोड्याच वेळात मोऱ्याच्या त्या घरांपैकी एका घरातून सखूताईंचा फोन आला. त्यांचे पती शिवा होडी काढायच्या तयारीत होते.

"माझ्या मोबाईलवर समुद्र शांत हाय, नि शेजारनीच्या मोबाईलवर धोका. खरा कुठला मानू?"

संघप्रियाने मूळ माहिती उघडून पाहिली. "धोका खरा आहे, ताई. होडी काढू देऊ नका."

सखूताईंनी शिवाला धक्क्यावरून परत बोलावले. संध्याकाळी समुद्र खवळला, तेव्हा होडी बांधलेली होती.

झाले होते असे, की माझ्याकडची प्रत बदलली होती, पण शेजारच्या यंत्राकडे जुनीच राहिली होती, आणि सखूताईंना पान तिथूनच मिळाले होते. रणजीतने दोन्ही प्रती स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडल्या.

"वेगात हीच लायब्ररी जिंकली," तो म्हणाला, "पण हिच्या भरवशावर होडी सोडता येणार नाही."

त्याने स्वतःच ती काढून टाकली आणि तिसरी बसवली. इशारा बदलला की जुनी प्रत ताबडतोब पुसली जावी, अशी सोय संघप्रियाने केली. मग दोघांनी माझ्यावर पुन्हा सगळी गर्दी सोडली. मी ती निभावली. पान जरा उशिरा उघडले, पण प्रत्येक मोबाईलवर एकच समुद्र दिसला.

आता ती वेबसाइट नव्या यंत्रांवर चालते. तिच्यातला प्रत्येक बदल मात्र आधी माझ्याकडे येतो, आणि रणजीत माझ्या पंख्यावरची धूळ पुसतो.

मित्रांनो, जुन्या यंत्राला भंगारात काढायची घाई करू नका. आणि माहिती हाताशी साठवाल, तेव्हा ती शिळी कधी होते त्यावर डोळा ठेवा. ती वाचून कोणीतरी समुद्रात उतरत असते.