नुसतेच दात दवाखान्यात

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी कवळी आहे, वरची. पुढे ओळीने दात, मागे टाळूला चिकटणारी गुलाबी पाठ. वय झालं माझं, पण मी नेमकी कोण हे मला अजून कळलेलं नाही. ऐका, म्हणजे तुमचाही गोंधळ होईल.

लॅबमधल्या कारागिराने मला इतकं घासलं की माझ्यात त्याचं नाक दिसायला लागलं. तिथून मी मास्तरांच्या तोंडात गेले. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांनी जन्मभर ओठांत टाचण्या धरून गप्पा मारल्या. मी आल्यावर लोक म्हणायचे, "मास्तर, तरुण दिसताय." मास्तर लगेच जिभेने मला बाहेर ढकलून दाखवायचे. एकदा त्यांनी मला बटणांच्या डब्यात ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "पांढरं बटण दे गं." बाईंनी डबा उघडला, मला उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे कोटाला मोठं होईल."

असे मजेत दिवस चालले होते. मग मी डुगडुगायला लागले. ओळखीच्या घरात एक दिवस नवाच उंबरा पायाला लागावा, तसं टाळूवर डावीकडे काहीतरी लागायचं. तोंडात उजेड नसतो, मला काय दिसणार? मास्तरांना दुखत नव्हतं. एकदा माझ्या पाठीवर रक्ताचा ठिपका दिसला, तो त्यांनी नळाखाली धुऊन टाकला.

"बाबा, डॉक्टरांना दाखवून या," मुलगी म्हणाली.

"बिघाड दातांत आहे ना? मग दातांना पाठव. शिलाई उसवली तर लोक कपडा आणून देतात, स्वतः येऊन उभे राहतात का?"

झालं. मी डबीत बसून एकटीच दवाखान्यात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली. "आणि तोंड?"

"तोंड घरी शब्दकोडं सोडवतंय," मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. पुढच्या वेळी तोंडही आणा म्हणाल्या आणि मला थोडं घासून दिलं. पुढच्या वेळीही मीच गेले. मला तासलं तरी मी आणखीच खाली ढकलली जायचे. मी फुगले, की मास्तर आकसले? काही कळेना.

मग जावयाने नवा फोन घेतला. तो फोटो काढायला लागला, तर मास्तरांनी ऐन वेळी मला काढून आ वासला. सगळे हसले. बाई मात्र फोटो मोठा करून बघत बसल्या.

"अहो, तुमच्या तोंडात माशी बसलीय."

"गिळली असेन."

"मग अजून बसलीय कशी?"

माशी नव्हती. टाळूवर कोळशासारखा काळा डाग होता. मास्तर म्हणाले, "कवळीचाच वळ असणार." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गुलाबी. मी काळा रंग कुठून आणू?

या वेळी तोंड पुढे आणि मी मागे. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला आणि त्या हसल्या नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात डागाचा तुकडा तपासला. मेलॅनोमा निघाला.

"हा रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर," तिथले सर्जन म्हणाले. "बहुतेकदा कातडीवर होतो. क्वचित असा तोंडाच्या आतल्या अस्तरातही."

अस्तर म्हटल्यावर मास्तरांना कळलं. "पण कातडीचा उन्हाने होतो म्हणतात. मी कुठे तोंड उघडं टाकून उन्हात बसलोय?"

"जन्मभर दुसरं काय केलंत," बाई म्हणाल्या.

"इथे उन्हाचा संबंध नसतो," सर्जन म्हणाले. "कशाने होतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. कवळीने तर नाहीच. तिच्याखाली लपून राहिलं, एवढंच."

म्हणजे मी सुटले की अडकले? अजून कळत नाही.

"या वयात ऑपरेशन झेपेल?" मुलीने विचारलं.

"मी वय बघून नाही म्हणत नाही. हृदय, फुप्फुसं, चालणंफिरणं बघतो."

सगळं तपासलं. रोग दुसरीकडे पसरलेला दिसला नाही. पण टाळूचा तुकडा काढावा लागणार होता. तिथे भोक राहणार, पाणी नाकातून येणार, बोललेलं कुणाला कळणार नाही. मास्तरांनी जिभेने मला चाचपलं. मग म्हणाले, "जगेन हो. पण गप्पा कशा मारू?"

तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुनी कवळी द्या इकडे."

माझ्या पाठीवर त्यांनी एक बोंड चढवलं, त्या भोकाला बुचासारखं बसेल असं. ऑपरेशननंतर मी जागेवर बसले. मास्तर घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "चहा कुणी केलाय, पाणी उकळून आणलंय नुसतं." बाई तोंड फिरवून रडल्या. शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे प्रतिकारशक्तीला, जागं करणारं औषध आता सलाईनमधून चालू आहे. हा रोग परत येऊ शकतो, हे सर्जननी लपवलं नाही.

तर मित्रांनो, मी दात की छप्पर ते तुम्हीच ठरवा. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कवळी निघाली की आत टॉर्च मारून बघा. काळा डाग दिसला, रक्त आलं, कवळी उगाच सैल झाली, तर दातांना एकटं पाठवू नका.

आज पुन्हा तपासणी आहे. मास्तरांनी मला काढून बाईंच्या हातात दिलंय आणि आ वासलाय. माझ्याशिवाय त्यांना धड बोलता येत नाही, तरी नाकातून काहीतरी पुटपुटले.

"विचारतायत, माशी परत आलीय का?" बाईंनी सांगितलं.

सर्जन बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टॉर्च विझवला. "आज तरी नाही."

तेव्हा कुठे बाईंची मूठ सैल झाली. मी आतच होते.