मानेच्या घडीत

सेंटरवर तिला सगळे नाकूताई म्हणायचे, आणि उगाच नाही! तीन खोल्या पलीकडे कुणी डबा उघडला तरी हिला वास यायचा आणि तोंड वाकडं व्हायचं. आणि काम काय, तर चपटी डोकी झालेल्या बाळांवर हलक्या हाताने उपचार करायचे! म्हणजे लाळ, शी, उलट्या, सगळं अंगावर.

त्या दिवशी मोठे सर फोनवर अडकले, म्हणून त्यांच्या हाताखालचं एक बाळ उपचाराला हिच्याकडे आलं. पाच महिन्यांचं, गुटगुटीत, पण डोकं मागून उजवीकडे असं चपटं, जसं काही कुणी भिंतीला टेकवून दाबलंय. मान डावीकडे कललेली, तोंड कायम उजवीकडे. आई तर आतच आली ती वैतागून. नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी बोलून बोलून तिचा जीव नकोसा केला होता.

“ही पाचवी खेप. आज काही फरक दिसला नाही तर मी परत यायची नाही,” ती म्हणाली. “सर म्हणतात, मी घरी मान फिरवत नाही. अहो, फिरवली की किंचाळतो हा!”

नाकूताईने पटकन बाळाला गादीवर घेतलं. कवटी मऊ आहे तोवरच काय ते करायचं. ही बाई गेली की संपलं.

तिने गादीवर बसून दोन्ही तळवे बाळाच्या डोक्याखाली सरकवले आणि तेवढ्यात तो वास आला. आंबलेलं दूध, त्यात ओले पायमोजे, त्यात आणखी काहीतरी कुजकं… शी! तिने श्वास धरला, एका बोटाने बाळाची हनुवटी उचलली आणि मानेची डावी घडी उघडली. आत पिवळट, चिकट साका! त्याच्या खाली कातडी लालबुंद, सोललेली. तिला अशी जोरात उबळ आली, की ओठ घट्ट मिटून ती तशीच बसली, डोळ्यांत पाणी.

आईने बघितलंच.

“आली ना ओकारी?” तिचा आवाज एकदम बसला. “मलाही येते. पोटच्या पोराची किळस येते मला! आंघोळीला वरून पाणी ओतते आणि तिथे बघतच नाही. कुणाला सांगू हे?”

“मला सांगा ना! माझं तर आता सगळं घशापर्यंत आलंय,” नाकूताई म्हणाली. “आधी हे पुसू, मग दोघी मिळून ओकू.”

आई नाकातून फसकन हसली.

कोमट पाणी, कापूस. साका सुटायचा, पुन्हा बोटाला चिकटायचा. एकदा तर नखात गेला आणि नाकूताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाळ रडलं, हुंदके दिले, मग गप्प झालं.

तेवढ्यात सर दारात. नाकाला रुमाल!

“बापरे, काय घाण वास हा! ताई, बाळाला जरा स्वच्छ करून आणत जा हो.”

आई ताडकन उठली आणि बाळाला गुंडाळायला लागली.

नाकूताईचं लक्ष सरांच्या बोटांकडे गेलं. काय ती नाजूक, गोरीपान बोटं! चार वेळा सर डोळे मिटून ही बोटं या डोक्यावर ठेवून बसले होते, आणि जखम तिथून चार बोटांवर. वासाची किळस या बोटांच्या किळसेपुढे काहीच नाही, असं वाटलं तिला.

“सर, हनुवटी एकदा तरी उचललीत याची?”

“माझ्या पद्धतीत मानेला हात लावत नाहीत.”

“पद्धतीत नाही, की वास येत होता म्हणून?”

सरांचे कान लाल झाले. रुमाल मात्र खाली आला नाही. दार लावून निघून गेले.

“मान फिरवली की झोंबत होतं हो त्याला,” नाकूताई हळूच म्हणाली. “तुमचं चुकलं म्हणून रडत नव्हता तो. म्हणजे, पुसायला हवं होतं तुम्ही, पण मान आखडलेली, घडी उघडणार कशी? आज आधी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा, मलम देतील. जखम सुकली की मग मान बघू.”

आईने दुपटं परत सोडलं. स्वतःच्या बोटाने हनुवटी उचलली, आत बघितलं, “ईऽऽ” केलं, पण बोट काढलं नाही.

“कापूस द्या,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?”